घोडनदीच्या पुलावरचा बांबू

२ मे १९६५, रविवार. शिरूर

आजचा रविवार उपासनेविना गेला. केडगावच्या मिशनच्या देवळात घंटा झाली असेल, पाळकांनी पहिलं गीत सांगितलं असेल, आणि मी इथं घोडनदीच्या पुलावर एका आडव्या बांबूपाशी बायकांचे दंड स्पिरिटनं पुसत उभी होते. देवाला कारण ठाऊक आहे. पाळकांना मात्र समजावावं लागेल.

हा नवा कॉलरा म्हणे समुद्रापलीकडून आला आणि देशोदेशी फिरतो आहे. आपली जुनी पटकी वेगळी, ही वेगळी, असं आमच्या आरोग्य खात्याचे साहेब सांगत होते. मला विचाराल तर माणूस दोन्हींत सारखाच वाळतो. नगरकडच्या काही गावांत लागण झाल्याची बातमी आहे. नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द, म्हणून पुलाच्या शिरूरकडच्या टोकाला नाका बसवला. पलीकडून येणाऱ्यानं टोचून घेतल्याचा दाखला दाखवायचा, आणि टोचून सहा दिवस झालेले हवेत. दाखला नसेल तर आम्ही इथंच टोचतो, पण ते सहा दिवस पलीकडच्या काठावर काढायचे. इकडून तिकडं जाणाऱ्याला अडकाठी नाही. खुशाल जावं. परत यायचं तर मात्र वरचाच नियम.

टोचायला पुरुष आहेत, पण परक्या पुरुषाच्या हाती दंड द्यायला बायका तयार होईनात, म्हणून मला दवाखान्यातून उचलून आणलं. दबोरा शलमोन, वय त्रेचाळीस, लग्न नाही, पाठीमागं रडणारं कुणी नाही. अशा बाईला कुठंही पाठवता येतं. जोडीला हवालदार बबनराव आहेत. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मला 'सिस्टर' म्हणतात आणि मी बघत नाही असं समजून तंबाखू मळतात.

मला हे काम पटतं, खोटं कशाला लिहू? मी आप्पांची मुलगी. मी लहान असताना वाडीत पटकी आली, तेव्हा आप्पांनी दाराला आतून कडी लावली ती साथ सरेपर्यंत काढली नाही. शेजारची तान्हूबाई दोनदा कडी वाजवून गेली. आप्पा आम्हां भावंडांना मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लावायचे. तिसऱ्यांदा ती आली नाही. आमच्या घरातलं एकही माणूस दगावलं नाही. बंद दाराची किंमत मला तेव्हाच कळली.

४ मे, मंगळवार

पलीकडच्या काठावर जत्रा भरावी तशी माणसं साठली आहेत. कुणी लग्नाहून परतणारे, कुणी बाजाराला निघालेले, एक कासार आपल्या बांगड्यांच्या पेटीसकट. सावलीला पत्र्याची एक शेड आहे, तीत दुपारी भाकरी भाजून निघेल. काल पाहते तर ही मंडळी म्हशींच्या डबक्यातलं पाणी पीत होती. माझं डोकंच फिरलं. पलीकडं जाऊन चांगलं फैलावर घेतलं आणि त्यांच्यातल्याच दोन गड्यांकडून वाळूत झरा खणून घेतला. कमरेइतकं खोल गेल्यावर पाणी लागलं. घटकाभरात निवळून असं नितळ झालं की तळाची वाळू दिसावी.

शिरूरच्या विहिरींत आम्ही जंतू मारायचं लाल औषध टाकतो. बायका मला तोंडावर शिव्या देतात, भात गुलाबी होतो, चहाला वास येतो म्हणतात. झऱ्यात मात्र मी ते टाकलं नाही. वाळूनं गाळलेल्या पाण्याला औषध कशाला? आमच्याकडं आजारी माणसाला मुद्दाम नदीच्या झऱ्याचं पाणी आणून पाजतात. लोकही खूश झाले. परसाकडे बसायला झऱ्याच्या वरच्या अंगाला बाभळींचा आडोसा आहे, त्यामुळं बायाबापड्यांना लांब जावं लागत नाही, तेवढं बरं.

"सिस्टर, तुमच्यात दयामाया हाय म्हनायची," बबनराव म्हणाले.

मी त्यांना तंबाखू थुंकून या म्हटलं. पण बरं वाटलं.

६ मे, गुरुवार

आजचा प्रसंग मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळपासून एक बाई बांबूच्या अलीकडं गाठोडं घेऊन बसली होती. धुरपदा नाव, खुटबावची. केडगाव स्टेशनाबाहेर वांगी आणि शेवंती विकायला बसते म्हणाली. मी तिच्याकडून कधी वांगी घेतली असतील, आठवत नाही. लेक बाळंतपणाला येणार म्हणून ती खुटबावहून इथवर न्यायला आली होती.

दुपारी पलीकडं बैलगाडी थांबली. जावई संपत आणि लेक नकुशी पूल चालून बांबूपाशी आली. पोरगी जेमतेम अठराची, नववा सरत आलेला, पाय सुजून भप्प झालेले.

"दाखला?" मी विचारलं.

"कसला वो?" संपत म्हणाला. "बायकूला म्हायेरी सोडायचीय. पयलटकरीन हाय, दिस भरल्यात. आमच्या गावात काय आजार-बिजार न्हाई."

"सगळे असंच सांगतात."

"मग टोचा की," नकुशी म्हणाली आणि हात पुढं केला.

पण दिवस भरलेल्या बाईला टोचायचं नाही, असा लेखी हुकूम आहे. सुईनं ताप चढतो, तापानं बाई अवेळी बाळंत होते. मी तो हुकूम तिला समजावून सांगितला. सगळं ऐकून घेतल्यावर धुरपदा म्हणाली, "म्हंजी टोचत न्हाई म्हनून दाखला न्हाई, आन् दाखला न्हाई म्हनून सोडत न्हाई. मग पोरीनं करायचं काय?"

"साहेबांची परवानगी लागेल. मी आजच कळवते. तोवर तिनं सासरी परत जावं."

"पुन्ना त्या गाडीत न्हाई बसायची मी," नकुशी म्हणाली. "लई हिसडं बसत्यात. पोट दुखाया लागलंय."

"तुम्ही केडगावच्या मिशनातल्या न्हवं?" धुरपदा हळूच म्हणाली. "मंग आमच्याच की. बाई, मला चार लेकी झाल्या. चवथी नको झाली म्हनून हिचं नाव नकुशी ठिवलं. आन् आता तीच तेवढी राह्यलीय."

मी म्हटलं, नाक्यावर आमचं-तुमचं नसतं, नियम सगळ्यांना सारखा. आवाज जरा चढलाच माझा. मग नकुशीला म्हटलं, परत जायचं नसेल तर इथंच थांब, शेडमध्ये जागा आहे आणि पाण्याची सोय आहे.

ती थांबली, तिच्यासाठी संपतही थांबला. साहेबांना निरोप गेला आहे. माझ्याकडून जे व्हायचं ते झालं.

७ मे, शुक्रवार

मायलेकी बांबूच्या दोन बाजूंना पुलावर बसून असतात. नियमात बसण्याला बंदी नाही. आज धुरपदानं बांबूवरून हात घालून लेकीचे केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली. बबनरावांनी तोंड नदीकडं केलं होतं. मी वेणी होऊ दिली. कंगवा मात्र परत अलीकडं येऊ दिला नाही.

धुरपदानं तो नुसताच लेकीच्या ओटीत टाकला. काही बोलली असती तर मला दोन शब्द सुनावता आले असते.

९ मे, रविवार

दुसरा रविवार. आज तर कहर झाला.

सकाळी पलीकडून डफांचा आवाज आला. कुठल्यातरी गावानं मरीआईचा गाडा काढला होता. हे आमच्या मिशनातल्या मुलींना सांगितलं तर खोटं वाटेल. गावात पटकी आली की लाकडी गाड्यावर देवीला बसवायचं, हळदकुंकू, दहीभात, हिरवं लुगडं, आणि गाडा ढकलत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकली की आपण मोकळे! कुठून येतं एवढं अज्ञान?

गाडा पुलावरून शिरूरकडं आणायचा त्यांचा बेत होता. बबनरावांनी लाठी आडवी धरली आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. "एक पाऊल पुढं टाकलंत तर सगळ्यांना आत घालीन," बबनराव गरजले. मंडळी मुकाट्यानं मागं फिरली आणि गाडा खाली वाळूत नेऊन ठेवला. दुपारभर तिथंच त्यांचा गोंधळ चालला. झऱ्याच्या पाण्यानं देवीला न्हाऊ घातलं, मग स्वतः न्हाले, लहान पोरांना हगवण लागली होती त्यांचे कपडे धुतले, आणि जेवण करून दिवस मावळायच्या आत निघून गेले.

पुलावर मात्र एकाचीही सावली पडू दिली नाही. या वयात मला असं कुणापुढं उभं राहता येईल असं वाटलं नव्हतं. प्रभूनं बळ दिलं.

नकुशीचं पोट थांबून थांबून दुखतं आहे. साहेबांचं उत्तर नाही.

११ मे, मंगळवार

साहेब जीपमधून येऊन गेले. पुलावर उभं राहून दुर्बिणीतून पलीकडं पाहिलं, खाली उतरले नाहीत. नाक्याचं फार कौतुक केलं. नगरकडं एवढं पेटलं आहे आणि शिरुरात अजून एकही केस नाही, म्हणाले. असाच नाका दौंड जंक्शनवर बसवायचं त्यांच्या मनात आहे.

मी नकुशीचं काढलं.

"सिस्टर, एकीला सोडलं की उद्या शंभर पोटुश्या येतील. निम्म्या पोटाला उशा बांधून."

"ही खरी आहे, साहेब. मी तपासली आहे."

"अर्ज वर पाठवला आहे ना? येईल."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. निर्णय माझ्या गळ्यात पडला नाही. आता उत्तर येईपर्यंत मी कुणाला काही सांगणं लागत नाही.

साहेब गेल्यावर तासाभरात वाळूतून हाकाटी झाली. बांगड्यांच्या पेटीवाला कासार. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. मी मीठसाखरेचं पाणी पाजलं, सलाइन लावलं, पण अंधार पडायच्या आत गेला. सुईच्या भीतीनं त्यानं टोचून घ्यायला दोन दिवस लावले होते, आता सोडायला एकच दिवस उरला होता. बबनराव म्हणाले, "बघा सिस्टर, उद्या ह्यो शिरुरात बांगड्या भरत फिरला असता. नाका हुता म्हनून वाचलो."

मलाही तेच वाटलं. आठवडाभर रोग अंगात लपवून बसला होता की काय? एवढे दिवस तो लपत नाही असं शिकवलं होतं आम्हांला. हा नवा कॉलरा आहे, याचं वेगळं असेल.

१२ मे, बुधवार

आणखी तिघं दगावले. तिघंही आले तेव्हा ठणठणीत होते, माझ्याच हातानं टोचलेले.

सकाळी धुरपदानं गाठोडं उचललं आणि बांबूखालून वाकून पलीकडं जायला निघाली.

"धुरपदाबाई, थांबा. तिकडं गेलात तर परत येता येणार नाही."

"व्हय, ठावं हाय."

"तिकडं आजार आहे."

"तिकडं माझी लेक हाय," ती म्हणाली. रागानं नाही, विचारल्याचं उत्तर द्यावं तशी. आणि गेली. जाणाऱ्याला अडवायचा नियमच नाही.

मी वरून पाहत होते. नकुशीनं तिला पाहिलं आणि शेडच्या खांबाला धरून उठायला लागली. धुरपदानं तिला खाली बसवलं, झऱ्यावरून तांब्या भरून आणला, तिचं तोंड धुतलं आणि ओंजळीनं पाणी पाजलं. लेक आईच्या हातचं पाणी घटाघटा प्याली. किती समाधान होतं त्या तोंडावर! मला माझी आई आठवली, आणि नको तिथं, नाक्यावर, चारचौघांत डोळे भरून आले.

१४ मे, शुक्रवार

नकुशी गेली.

काल दुपारी तिला जुलाब सुरू झाले. मी पलीकडंच होते, रात्रभर तिथंच राहिले. सलाइनच्या उरलेल्या दोन्ही बाटल्या तिला दिल्या. शिरूरहून आणखी मागवल्या, त्या आल्या नाहीत. हातापायांत गोळे येऊन ती वाकायची, तशातच कळा सुरू झाल्या. पहाटे मुलगा झाला. लहानसा आहे, पण जिवंत. तिनं त्याला पाहिलं. आवाज तर केव्हाच गेला होता, नुसते ओठ हलले. धुरपदा म्हणाली, "व्हय गं, व्हय." काय कळलं तिला, देव जाणे. उजाडल्यावर काही वेळानं संपलं.

संपतनं नदीकाठीच लाकडं रचली. परतताना तो माझ्याजवळ थांबला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तो म्हणाला, "आमच्या गावात अजून बी कुनी आजारी न्हाई वो, बाई. सकाळीच मानूस आलं हुतं तिकडनं. तुम्ही थांब म्हनला म्हनून हितं थांबलो आमी."

तेव्हापासून हे एकच वाक्य डोक्यात घुमतं आहे. कासाराच्या गावात आजार नव्हता. त्या तिघांच्या गावांत नव्हता. संपतच्या गावात नाही. मग या सगळ्यांना झाला कुठून?

मी झऱ्याच्या काठावर जाऊन बसले. बाभळींपासून झऱ्यापर्यंत उतार आहे. वाळूवर अजून गुलाल होता, आणि गाड्याबरोबरच्या बायांनी धुणं धुतलं तिथं वाळूला पिवळट पापडी धरली होती. पाणी तसंच नितळ. मी हे सगळं रोज पाहत होते. रोज! नर्सिंगची परीक्षा पास झालेली बाई मी, आणि वाळू देवाची चाळणी आहे म्हणून निश्चिंत होते. माणसं अडवली मी, एका जागी दाटी केली मी, त्यांना पाणी दिलं मी. राखणीला म्हणून घातलेल्या कुंपणानंच शेत खाल्लं.

त्या गाड्यावाल्यांना मी अडाणी म्हटलं होतं. त्यांनी निदान देवीला दहीभात तरी दिला.

प्रार्थना करायला बसले. तशीच उठले.

१५ मे, शनिवार

सकाळी साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं. नाका नसता तर ही माणसं आपापल्या घरी गेली असती आणि आज जिवंत असती, या माणसांनी रोग आणला नाही, आम्ही पुलाखाली तो पिकवला, असं मी स्पष्ट म्हणाले. अडवायचंच होतं तर त्यांच्या पाण्याचं आणि शौचाचं आधी बघायला हवं होतं, आणि तेवढं बघितलं असतं तर अडवायची गरजही फारशी उरली नसती.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "शिरुरात केसेस किती?"

"एकही नाही."

"मग वर काय कळवू? नाका यशस्वी झाला म्हणून बंद करावा?" थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही थकला आहात. सोमवारपासून दौंडला या. स्टेशनावर तुमच्यासारखीच खमकी बाई हवी."

मी "बरं" म्हणाले. बावीस वर्षांची नोकरी आहे, तोंडाला तीच सवय.

पुलावर आले. बांबूपाशी धुरपदा उभी होती, पदराआड बाळ. संपत बाळाला तिच्या हवाली करून गावी कळवायला गेला होता. कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पिळत होती त्याच्या तोंडात, ते गालावरून ओघळत होतं. बाळाचा आवाज कालच्यापेक्षा बारीक झाला होता. खुटबावात तिची सून सखूबाई अंगावर पाजणारी आहे. तिथं पोचलं तर पोर जगेल, इथं नाही. हे मला कुणी सांगायला नको होतं.

बबनराव माझ्याकडं बघत होते. मी बांबूला हात घातला, तसे ते म्हणाले, "सिस्टर, माझी नोकरी…" आणि मग नदीकडं तोंड करून तंबाखू मळायला लागले.

मी बांबू उचलून कठड्याला टेकवून ठेवला. झऱ्यात चुनकळी आणि वाळू लोटायला माणसं लावली. शेडमधले सगळे पूल ओलांडून आले, तसं त्यांना विहिरीच्या लाल पाण्यानं हातपाय धुवायला लावलं, आणि घरी पाणी उकळूनच प्यायचं हे एकेकाला धरून बजावलं. कुणी माझे आभार मानले, ते सोसवलं नाही. धुरपदा सर्वांच्या शेवटी आली. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर खुटबावापर्यंत येते. तिनं पदराआडचं बाळ सावरलं आणि चालायला लागली.

१६ मे, रविवार. खुटबावच्या शिवेवर

एसटीनं चौफुल्यापर्यंत आलो, तिथून पायी. वाटेत सारखं बाळाच्या छातीला हात लावून बघत होते. तिसरा रविवार होता आणि उपासनेची मला आठवणही नव्हती.

गावाच्या अलीकडं रस्त्यात दोन बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. काठ्या घेतलेली माणसं, मध्ये सरपंच पोपटराव. फेटा नीट बांधलेला, बोलणं अदबीचं.

"धुरपदावैनी, तितंच थांबा. घोडनदीला मानसं पटापटा मरत्यात, एसटीवाल्यानं सांगितलं. गावानं ठरवलंय, तिकडनं आलेल्याला आत घ्यायचं न्हाई."

मी पुढं झाले. मी नर्स आहे, या बाईला जुलाब नाहीत, बाळाला नाहीत, रोग पाण्यातून होतो, शिवेवर माणूस अडवून थांबत नाही, सगळं सगळं सांगितलं. शिरूरला पुलावर जे कुणीतरी मला सांगायला हवं होतं, ते मी त्यांना सांगत होते.

पोपटरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुम्हीच पुलावर लोकं अडवीत हुता न्हवं? एसटीवाल्यानं त्ये बी सांगितलं. धुरपदावैनी हितनं गेली, तिला बी तुम्हीच परत येऊ दिलं न्हाई. मग आमचं काय चुकलं?"

मी मागं सरले आणि धुरपदाच्या हातातलं गाठोडं घेतलं.

धुरपदानं वाद घातला नाही. तिला आता सवय झाली होती. रस्त्याकडेच्या करंजाखाली जाऊन बसली. बाळ रडत होतं, म्हणजे रडल्यासारखं तोंड करत होतं. गाड्यांपलीकडं बायका गोळा झाल्या. त्यांत सखूबाई होती, कडेवर स्वतःची तान्ही पोर. तिच्या चोळीवर दुधाचे डाग पसरत चालले होते.

"सखू, बाहीर गेलीस तर तुला बी परत येता यायचं न्हाई," पोपटराव म्हणाले. "पोरीला बी न्हाई."

"व्हय, पोपटआप्पा," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन दोन गाड्यांच्या मधून वाकून बाहेर आली.

सासूच्या शेजारी बसली, नणंदेच्या बाळाला पदराखाली घेतलं. पहिल्यांदा त्याला धरताच येईना. मग धरलं. त्याच्या गिळण्याचा आवाज आला तेव्हा धुरपदा पहिल्यांदा रडली. नकुशी गेली त्या दिवसापासून ती रडली नव्हती.

बायकांनी गाड्यांवरून भाकरीची चवड, एक घोंगडी आणि एक रिकामी घागर आमच्याकडं दिली. आता आम्ही इथं पाच जीव आहोत. ऊन मी म्हणतं आहे. थोड्या अंतरावर ओढा आहे, आटत आलेला, त्यात गुरं बसली आहेत आणि त्याच्या कडेला वाळू आहे.

सखूबाईनं डोळे पुसले, बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि मला विचारलं, "बाई, आमी हितं पानी कुठलं प्यायचं?"

मी तिला थांब म्हणाले, पोरीलाही थेंब देऊ नको म्हणाले. गाड्यांपाशी जाऊन पोपटरावांकडं काड्यापेटी मागितली, आणि सरपण गोळा करायला लागले.